शेवटचा माणूस खाली येईपर्यंत

"माझा मोबाइल दे गं," बाबा म्हणाले, आणि मी त्या सकाळी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

पहिल्यांदा सांगितलं होतं की चार्जिंग संपलंय. आता म्हटलं, बार्सिलोनात खिसेकापू फार, समुद्राच्या बाजूला तर बोलता बोलता खिसा हलका होतो, तेव्हा तो माझ्याच बॅगेत राहू दे. बाबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि समोरच्या बाकावर उन्हात बसलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे संशयाने पाहिलं. ठाणे महापालिकेच्या पाणी खात्यात व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्यात त्यांचा जन्म गेला होता. चोरी आणि गळती या दोन गोष्टींवर त्यांचा चटकन विश्वास बसायचा.

खरी भानगड वेगळी होती. तो दिवस गोपाळकाल्याचा होता. आमच्या चाळीच्या ग्रुपवर पहाटेपासून व्हिडिओंचा नुसता पाऊस पडत होता. कुठे सात थर, कुठे आठ, कुठे ट्रकवर उभी राहून नाचणारी पोरं. यातलं काहीही बाबांना दिसू द्यायचं नाही, हे त्या दिवशीचं माझं एकमेव काम होतं. बाकी मग दिवसभरात अख्खं शहर बघून झालं तरी चालणार होतं, नाही झालं तरी चालणार होतं.

हे असं का, ते सांगायला हवं. एके काळी कळव्याच्या आमच्या गोविंदा पथकाचे बाबा प्रशिक्षक होते. महादेव घाडीगावकर म्हटलं की समोरचं पथक जरा सावरून उभं राहायचं. मी दहा वर्षांची असताना त्या पथकाची एक्का होते, म्हणजे सगळ्यात वरची. त्या वर्षी हंडी मीच फोडली. हंडी फुटल्यावर खाली जे होतं तेच झालं. पाणी उडालं, ताशा कडाडला, लोक हात सोडून नाचायला लागले आणि थर जागच्या जागी विरघळला. मला कुणीतरी झेललं. माझ्या खालच्या थरांत माझा आत्येभाऊ दिगू होता, त्याला कुणी झेललं नाही. त्याचा खुबा मोडला. दोन ऑपरेशनं झाली, आणि आजही तो चालताना डाव्या अंगाला झुकतो.

त्यानंतर बाबांनी पथक सोडलं. दरवर्षी गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी ते कणकवलीला गावी निघून जायचे आणि सगळं शांत झाल्यावर परतायचे. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. तेरा वर्षांत त्यांनी एकही थर पाहिला नव्हता, टीव्हीवरसुद्धा नाही. दिगू मात्र अधूनमधून मला विचारायचा, मामा गेला का गावी? आणि स्वतःच हसायचा.

माझं पाण्याच्या शुद्धीकरणातलं एम.एस. पूर्ण झालं तेव्हा मी बाबांना हट्टाने बोलावून घेतलं. आई बहिणीच्या बाळंतपणात अडकली होती, त्यामुळे ते एकटेच आले. एका आठवड्यासाठी, आणि परतीचं विमान आम्हा दोघांचं एकच होतं, गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं. तिकिटं काढताना मी पंचांग पाहिलंच नव्हतं. ते लक्षात आलं ते तिकिटं निघाल्यावर. गावी पळून जाण्याची सोय इथे नव्हती. मग मी ठरवलं की शेवटचा दिवस इतका गच्च भरायचा की बाबांना आज वार कुठला हेही आठवता कामा नये.

खरं सांगायचं तर मीही तेवढीच अधीर झाले होते. दोन वर्षांत मी या शहरात काय पाहिलं होतं? प्रयोगशाळा, ज्या कॅफेत कपबशा धुवायचे तो कॅफे, आणि खोली. लोक जगाच्या पाठीवरून जे बघायला येतात ते माझ्या बसच्या खिडकीतून मागे पळायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगदी तसं. त्यामुळे आता बाबांच्या निमित्ताने मी जी सुटले, ती सुटलेच.

आधी समुद्र. तिथे बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय बुडवले आणि चव घेऊन जाहीर केलं की आपल्यापेक्षा खारट आहे. मग बंदरावरून जाणारा पाळणा. तारेला लटकलेल्या त्या डब्यात आम्ही बसलो, तेव्हा खाली बोटी काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. मला वाटलं होतं ते घाबरतील. ते खिडकीला नाक लावून तारेचा खांब कुठे रोवलाय ते बघत राहिले आणि पाया चांगला आहे म्हणाले. उतरल्यावर मी विचारलं की पुन्हा बसायचं का? त्यांनी लगेच रांगेचं शेवटचं टोक शोधलं. दोन्ही वेळा मी लहान पोरीसारखी किंचाळले.

मग मासळीबाजार. परदेशात आल्यापासून बाबांच्या चेहऱ्यावर जे उगाचचं परकेपण होतं, ते तिथे बर्फावर आडवे पडलेले बांगडे पाहून एकदम उतरलं. त्यांनी एकाचा कल्ला उचलून पाहिला. पलीकडची बाई काहीतरी फणकाऱ्याने बोलली. बाबांनी बोटाने लाल कल्ला दाखवला, मान हलवली, म्हणजे ताजा आहे. बाई हसली. त्यानंतर त्या दोघांनी एका शब्दाचीही ओळख नसताना किमान सहा माशांवर चर्चा केली. पापलेट इथे मिळत नाही म्हटल्यावर बाबांना या लोकांची खरोखर दया आली.

प्रत्येक कारंज्यापाशी मात्र आमचा खोळंबा व्हायचा. दाब किती, पाणी फिरवून वापरतात की नवीन, व्हॉल्व्ह कुठे असेल. मी जे दोन वर्षं शिकले त्यातलं मला माहीत असलेलं सांगायचे आणि ते माझ्याकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले की माझी पोरगी पाण्यातच गेली म्हणायची. कौतुक करायची त्यांची हीच पद्धत होती, आणि मला ती फार आवडायची.

दुपारी टेकडीवरची बाग केली. तिथे रंगीत काचांच्या तुकड्यांनी मढवलेली एक भली मोठी पाल आहे, सगळं जग तिच्यासोबत फोटो काढतं. बाबा म्हणाले, पाल घरात दिसली तर तुझी आई अख्खी चाळ गोळा करते, आणि इथे तिच्याबरोबर फोटो! तरी काढलाच. मग आम्ही उतारावरून खाली निघालो. संध्याकाळचं शेवटचं ठिकाण ते जगप्रसिद्ध, अजूनही बांधून न झालेलं चर्च होतं. त्याची वेळ आधीच ठरवून घ्यावी लागते, ती मी महिन्यापूर्वी घेऊन ठेवली होती. तिथपर्यंत पोहोचलो की दिवस पार पडला, असं मी मनात म्हणत होते. मोबाइल बॅगेत थरथरत होता. मी तो बंदच करून टाकला.

खाली ग्रासिया नावाची वस्ती लागते. तिथे त्या आठवड्यात जत्रा होती. गल्ल्यागल्ल्यांत लोकांनी कागदाच्या, बाटल्यांच्या, जुन्या कपड्यांच्या सजावटी टांगल्या होत्या. एक गल्ली समुद्रतळासारखी, एक जंगलासारखी. बाबा वर बघत चालत होते आणि मी त्यांच्याकडे. इतके खूश मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यात कुठूनतरी सूर आला.

बाबा थांबले. "सनई?"

सनईच वाटावी असा तो आवाज होता, थोडा जास्त चिरका. सोबत ढोलकं. मला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा उशीर झाला होता. या भागातले लोक माणसांचे मनोरे रचतात हे मला ठाऊक होतं. या दोन वर्षांत पोस्टर दिसलं की मी रस्ता बदलायचे. आज शेवटच्या दिवशी, नको त्या वेळी, मीच बाबांना हाताला धरून तिथे आणून सोडलं होतं.

मी म्हटलं, बाबा, इकडून मेट्रो जवळ आहे. ते ऐकतच नव्हते. आवाजामागे ते कोपऱ्यावर वळले आणि समोर चौक उघडला. मधोमध घड्याळाचा उंच मनोरा, भोवती खच्चून गर्दी, आणि गर्दीच्या मधे पांढऱ्या पँटी आणि एकाच रंगाचे सदरे घातलेली पन्नास-साठ माणसं. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं, सगळी अनवाणी. एकेकाच्या कमरेला लांबच लांब काळा पट्टा; एक जण टोक ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत तो गुंडाळून घेतो. कंबर ताठ राहावी म्हणून, आणि चढणाऱ्याला पाय ठेवायला पायरी मिळावी म्हणून. बाबांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्यांची बाही धरली आणि सांगितलं की चर्चची वेळ चुकेल.  त्यांचा चेहरा पार उतरला होता, तरी नजर हटत नव्हती. आता ते मागे वळतील, एखाद्या गल्लीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहतील, आणि एवढा सोन्यासारखा दिवस मातीत जाईल, असं मला वाटलं. रडूच यायला लागलं. मध्ये चार माणसं उभी राहिली होती, त्यांच्याभोवती लोक एकमेकांच्या पाठीला भिडून गोल गोल पाया रचत होते. त्यांच्यातला एक दाढीवाला आडदांड माणूस गर्दीकडे वळून हात हलवत ओरडत होता. मी भाषांतर करून सांगायच्या आतच बाबांनी विचारलं, माणसं मागतोय का तो?

मी हो म्हटलं. त्यांच्यात गर्दीतलं कुणीही पायात येऊन उभं राहू शकतं.

"त्या बाजूची पाठ कच्ची आहे," बाबा म्हणाले. त्यांचं बोट पायाच्या आमच्याकडच्या कोपऱ्याकडे होतं; तिथे मागून रेटा द्यायला माणसं कमी होती. "आणि ती बघ, ती चढणार."

हेल्मेट घातलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी कुणाच्या तरी हातात हात देऊन उभी होती. पुढचे दोन दात पडलेले. ती जांभई देत होती.

बाबांनी खांद्यावरची पिशवी माझ्याकडे दिली, चपला काढल्या आणि गर्दीत घुसले. ती कच्ची पाठ पाहून त्यांच्याच्याने नुसतं उभं राहवेना, एवढं मला दिसत होतं. मी दोन पिशव्या पोटाशी बांधून त्यांच्या मागे धावले. दाढीवाल्याने बाबांचे खांदे चाचपून पाहिले, तोंडभर हसला आणि त्यांना आतल्या बाजूला सरकवलं. त्याचं नाव मार्ती, ते नंतर कळलं. त्याने मला बाबांच्या मागेच उभं केलं आणि सूचना दिल्या: हनुवटी छातीला, हात वर, पुढच्याच्या पाठीवर, आणि काही झालं तरी वर बघायचं नाही. मी बाबांना त्या सांगायला लागले तर ते आधीच तसे उभे होते.

मी आयुष्यात कधी पायात उभी राहिले नव्हते. मी वर असायचे. वरून सगळं दिसतं. खाली काहीच दिसत नाही. बाबांच्या शर्टाचा घामाचा वास, माझ्या पाठीवर कुणा अनोळखी माणसाची छाती, आणि वजन. कुणीतरी माझ्या खांद्यावर पाय देऊन वर गेलं. मग आणखी कुणीतरी. चौक अचानक गप्प झाला, इतका की वरच्या माणसांचे श्वास ऐकू यावेत. मार्ती बाहेरून एकेका शब्दात काहीतरी सांगत होता. मग सनईने सूर धरला. बाबांची पाठ माझ्या तळव्यांखाली दगडासारखी झाली. वजन वाढत गेलं, थरथर खालपर्यंत आली, हलकी पावलं भराभर वर गेली. मी डोळे मिटून घेतले. तेरा वर्षांपूर्वीची हंडीची दोरी मला हाताला लागल्यासारखी वाटत होती.

आणि चौक फुटला. एकदम आरोळी उठली, टाळ्या, शिट्ट्या, सनई वरच्या पट्टीत गेली. मुलीने वर पोहोचून हात उंचावला असणार. आमच्या हंडीसारखंच! माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं, पाय आपोआप थिरकले, मी बाबांच्या पाठीवरचे दोन्ही हात काढले, हवेत उंचावले आणि घसा फोडून ओरडले, "गोविंदा!"

माझ्या पुढे काहीतरी हललं. बाबा एक पाऊल मागे रेलले, त्यांच्या पुढचा माणूस कण्हला, वरून एक चिरका आवाज आला.

"शर्वरी, हात." बाबा ओरडले नाहीत. मान खालीच होती, आवाज दातांतून आला होता. गावची बोली ते फक्त आजीशी बोलायचे. माझ्याशी कधीच नाही. "वर माणसां आसत अजून. उभी रव."

मी हात टेकवले. जीव खाऊन टेकवले. मागच्या माणसाने आपलं सगळं अंग माझ्यावर लोटलं, आणि पुढचं सगळं पुन्हा जागेवर आलं.

कुणी नाचत नव्हतं. सनई थांबली नव्हती. तेव्हा मला कळलं की यांचं अजून संपलेलं नाही. मुलगी एका बाजूने चढली होती ती दुसऱ्या बाजूने उतरत होती. ती उतरली तसे तिच्या खालचे उतरायला लागले. चढताना जेवढं थरथरलं नव्हतं त्याच्या दुप्पट आता थरथरत होतं. थकलेले गुडघे, घामाने निसटणाऱ्या मुठी. एक टाच माझ्या कानाला घासून गेली. बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. नीट ऐकलं तर ते मोजत होते. आणखी एक आला. आणखी एक. वजन कमी होत होतं, पण त्यांची पाठ सैल होत नव्हती.

मग अचानक सगळ्यांनी एकदमच आरोळी ठोकली आणि पाया सुटला. लोक उड्या मारत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. बाबा तसेच उभे होते, समोर कुणीच नसताना हात वर धरून.

मी म्हटलं, "बाबा, उतरले सगळे."

"सगळे?"

"सगळे."

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले.

मार्ती एक काचेचं भांडं घेऊन आला. त्याला लांब निमुळती चोच होती, आत लालभडक वाइन. यांची पद्धत अशी की भांडं हातभर उंच धरायचं आणि ओठ न लावता धार तोंडात घ्यायची. पाहुण्यांची इथे हमखास फजिती होते, शर्ट लाल होतात आणि सगळे हसतात. मार्तीचे मित्र त्याच आशेने गोळा झाले होते. बाबांनी भांडं घेतलं, मान मागे टाकली आणि जन्मभर तांब्याने जसं वरून पाणी प्याले तशी धार घशात सोडली. एक थेंब सांडला नाही. हात आणखी उंच नेला, तरीही नाही. मग अशी काही वाहवा झाली की थरालाही झाली नसेल. एका आजीबाईंनी तर त्यांचा गालगुच्चा घेतला. बाबा लाजून अर्धे झाले.

आम्ही मनोऱ्याच्या पायरीवर टेकलो. मी चर्चचा विषय काढला तर ते म्हणाले, देवळं काय पळून जातात?  समोर आणखी एक थर रचायची जुळवाजुळव चालली होती.

"काल मी दिवसभर फळांवर राहिलो," ते म्हणाले, "तुला वाटलं मला इथलं जेवण सोसलं नाही."

 काल अष्टमी होती. त्यांनी उपास केला होता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? सकाळपासून?"

"मोबाइल लपवलास म्हणून गोपाळकाला चुकतो होय?" ते हसले. "तू एवढी पळवत होतीस मला. म्हटलं, पळू या."

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या सगळ्या युक्त्या, पाळणा, पाल, मासळीबाजार, सगळं त्यांनी ओळखून पदरात घेतलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं. ते समोरच्या पायाकडे बघत बोलले.

"त्या वर्षी पायात मी होतो. आतल्या कड्यात. दिगूच्या बाजूची पाठ माझी होती. हंडी फुटली. तू फोडलीस. माझी पोर हंडी फोडते म्हटल्यावर मला दुसरं काय दिसणार? मी हात वर केले. सगळ्यात आधी मीच. मला बघून मग बाकीच्यांनी सोडले."

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं की सगळेच तसं करतात, सगळ्या पथकांत तसंच चालतं, हंडी फुटली की संपलं.

"मीच शिकवायचो ना तसं," बाबा म्हणाले. "चढायचं कसं, ते चार महिने शिकवायचो. उतरायचं कसं, ते एक दिवस नाही शिकवलं."

"दिगूला ठाऊक आहे?"

"वरून सगळं दिसतं, तुला माहीत नाही का?" त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "त्याने बघितलं होतं. कधी विषय काढला नाही त्याने. एकदा काढला असता तर बरं झालं असतं."

दरवर्षी मामा गेला का गावी म्हणून विचारणारा आणि स्वतःच हसणारा दिगू माझ्या डोळ्यांसमोर आला. ते हसणं मी आजवर फारच वेगळं समजत आले होते. मी बाबांचा हात धरला. 

तेवढ्यात मार्ती आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट बाबांकडे केलं आणि मग पायाच्या पार आतल्या कड्याकडे. पुढचा थर मोठा होता, आणि त्याला ती पाठ हवी होती. त्याच्या हातात एक काळा पट्टा होता. बाबा उठले. मार्तीने टोक ताणून धरलं आणि बाबांनी चौकाच्या मध्यावर स्वतःभोवती गिरक्या घेत तो पट्टा कमरेला गुंडाळून घेतला. चौथ्या गिरकीला ते जरा अडखळले, तेव्हा सगळे हसले, तेही हसले.

या वेळी मी बाहेर राहिले. सगळी गर्दी वर बघत होती, मी एकटीच खाली बघत होते. डोकी, पाठी आणि हातांच्या त्या गुंत्यात त्यांचे पिकलेले केस मला बरोबर सापडले. थर चढत गेला. सनई सुरू झाली. दात पडलेली ती मुलगी माझ्या नजरेच्या कडेने सरसर वर गेली, आणि हात उंचावला असावा, कारण चौक पुन्हा फुटला. माझ्या शेजारचा माणूस नाचायला लागला. बाबांचे हात हलले नाहीत. मुलगी उतरली. तिच्या खालचे दोघे उतरले. एकाचा पाय घसरला आणि थर डाव्या अंगाला इतका कलंडला की बायका किंचाळल्या. त्या बाजूला बाबा होते. त्यांच्या मानेच्या शिरा मला इथून दिसत होत्या. थर कलंडला आणि परत आला. पुढचे उतरले. त्यापुढचे उतरले. शेवटचे चौघे एकमेकांचे खांदे धरून सावकाश जमिनीवर आले.

लोकांनी पाया सोडला. बाबा सर्वात शेवटी सुटले. त्यांनी मान वर करून आधी आभाळाकडे पाहिलं, नीट, डावीकडून उजवीकडे. वर कुणीही नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात उंचावले आणि तेरा वर्षं कोंडून ठेवलेल्या आवाजात ओरडले, "गोविंदा!"

अख्खा चौक त्यांच्याकडे वळला. ढोलकीवाल्याला काय कळलं देव जाणे, त्याने त्याच तालावर थाप दिली. बाबा नाचायला लागले, कमरेवर एक हात, एक हात हवेत, कळव्याच्या नाक्यावर नाचायचे तसे. मी धावत गेले. मार्तीही पुढे आला, त्यालाही तो नाच हवा होता. बाबांनी त्याचा दंड पकडून त्याला थांबवलं.

"पयलां वर बघूचा," ते त्याला मालवणीत समजावत होते. "वर कोण नाय ना? मगे नाचूचा."

मार्तीने वर पाहिलं, मान हलवली, आणि ते दोघे नाचायला लागले.